‘मार्क किती पडले?’

मुलगी कॉलेजातून आली की आपला प्रश्न ठरलेला, “मार्क किती पडले?” आणि यजमान कचेरीतून आले की, “बढतीचं काय झालं?” पण माणसाचं मन एवढ्यावरच रमतं का हो?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. पैसे बंद झाले आणि त्यांचा कोड्यांतला रसही आटला! पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं, की मनाला तीन गोष्टी लागतात : स्वतः ठरवण्याची मोकळीक, ‘मला जमतं’ हा विश्वास आणि जिव्हाळ्याची माणसं. कॉलेज असो की कचेरी, गरज तीच.

तेव्हा कोर्स निवडताना मुलीचं मत घ्या. “आज काय आवडलं?” असं विचारा, आणि मग उपदेश न करता नुसतं ऐका. ती दिवसेंदिवस गप्प असेल, झोप-भूक उडाली असेल, तर ‘नखरे’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या. सरकारच्या ‘टेली मानस’वर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि हो, या तीन गोष्टी तुम्हालाही मिळतात का, तेही एकदा बघाच!