धावपट्टीवरील शिल्लक

विमानतळाच्या उद्घाटनाची भाषणे नवे मार्ग, तिकिटांचे दर आणि उद्योगवाढ यांनी भरलेली असतात. धावपट्टीच्या लांबीचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. वस्तुतः विमानसेवेचा सारा ताळेबंद त्या एका आकड्याशी निगडित असतो. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीनजीकच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली आणि वाशिमकरांनाही विमान जवळ आले. आता जेट विमानाची मागणी होणे स्वाभाविकच आहे. परंतु तत्पूर्वी तिचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

बेलोऱ्याची धावपट्टी १३७२ मीटरवरून १८५० मीटर करण्यात आली. तेथे येणारे पंख्यांचे एटीआर-७२ विमान फार तर २३ टनांच्या आसपास वजन घेऊन उडते. याउलट बोइंग ७३७-८०० व एअरबस ए-३२० ही, आसनांच्या मधोमध एकच वाट असलेली जेट विमाने सुमारे ७८-७९ टनांपर्यंत वजन घेऊन उडतात. उतरताना मात्र ही मर्यादा ६६ टनांच्या जवळपास येते. दोहोंपैकी कोणते विमान लवकर थांबते, यावर वैमानिकांत नेहमीच चर्चा रंगते. पण निसर्गाचा नियम दोघांना सारखाच लागू आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दहा टक्क्यांनी वाढला की ब्रेकवरील भार एकवीस टक्क्यांनी वाढतो. त्यातच धावपट्टी ओली असेल तर चाकांची पकडही कमी होते. विदर्भातील उन्हाळ्यात वेगळीच अडचण उद्भवते. तापलेली हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, पंखांना मिळणारी उचल कमी पडते. म्हणून काही आसने रिकामी ठेवावी लागतात किंवा इंधन कमी घ्यावे लागते.

या मर्यादा केवळ कागदावरच्या नाहीत. २६ एप्रिल १९९३ रोजी तत्कालीन औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमिनीवरून उचलले गेले आणि पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. ११८ जणांपैकी ५५ जणांचा अंत झाला. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा दोष निघाला. त्याचबरोबर त्या रस्त्यावरील वाहतूक रोखली न गेल्याचाही. कारंज्याच्या बाजारपेठेतील वाचकाला कापसाच्या गाठींचा ट्रक हे रोजचे दृश्य आहे. तसाच एक ट्रक त्या दिवशी आकाशमार्गात उभा ठाकला, कारण धावपट्टीवर शिल्लक काही उरलेच नव्हते. पुढे मंगळूर (२०१०) व कोझिकोड (२०२०) येथे बोइंग ७३७-८०० विमाने धावपट्टीचा बराच भाग मागे टाकून जमिनीला टेकली आणि पठाराच्या कडेवरून खाली कोसळली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक मूलभूत प्रश्न आहे. रिकामे आसन किंवा न वापरलेली दोनतीनशे मीटर धावपट्टी जमाखर्चात निव्वळ तोटा दिसते. ते आसन भरल्याचा लाभ कंपनीच्या आजच्या खात्यात जमा होतो. जोखीम मात्र प्रवाशाच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचालकाच्या नावे पडते. लाभ एकाचा व जोखीम दुसऱ्याची, अशी विभागणी जेथे होते तेथे बाजार आपणहून सावध राहत नाही. म्हणून वजनाची मर्यादा ठरविणे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे शासनाचे कर्तव्य ठरते.

तेव्हा आपल्या भागासाठी जेटची मागणी करताना तीन गोष्टी विचाराव्यात: मे महिन्याच्या दुपारी पूर्ण भरलेल्या विमानाला धावपट्टी पुरेल काय? ओल्या धावपट्टीवर थांबण्यासाठी पुढे मोकळी जमीन आहे काय? टोकाजवळून जाणारा रस्ता वळविला आहे काय? त्यांसाठी लागणारी जमीन व पैसा आज नसेल, तर लहान विमानावर समाधान मानण्यात कमीपणा नाही. त्या जमिनीची तरतूद मात्र आजच्या विकास आराखड्यात झाली पाहिजे; कुंपणाला लागून वस्ती उभी राहिल्यावर ती होत नसते.