शाळेतील मत्स्यपेटी आणि प्रकाशाचा परावर्तक

विद्यार्थ्यांना सजीवांचे जीवन प्रत्यक्ष दाखविण्याची जी अल्पखर्चिक साधने आहेत, त्यांत मत्स्यपेटीचे स्थान वरचे आहे. माशांचे श्वसन, पाणवनस्पतींची वाढ, अन्नसाखळी हे विषय पुस्तकापेक्षा काचेच्या पेटीसमोर अधिक लवकर उमजतात. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे गावोगावी पाण्यात सोडले जातात. अशा माशांची पेटी शाळेत असल्यास त्यांचे कार्य मुलांना आणि ग्रामस्थांना डोळ्यांनी पाहता येते. परंतु अनेक ठिकाणी पेटी हौसेने बसविली जाते आणि काही महिन्यांत पाणवनस्पती पिवळ्या पडून कुजू लागतात. कुजलेल्या पानांनी पाणी बिघडते व माशांना धोका संभवतो. याची कारणे अनेक असली, तरी अपुरा प्रकाश हे त्यांपैकी एक नेहमीचे कारण होय. अशा वेळी दुसरा दिवा विकत घेण्यापूर्वी, असलेल्या दिव्याचा प्रकाश कोठे जातो हे पाहणे हिताचे ठरते.

निम्मा प्रकाश झाकणात

साधी ट्यूबलाइट आपला प्रकाश सर्व बाजूंना सारखाच टाकते. पेटीवरील झाकणात ती बसविली असता सुमारे निम्मा प्रकाश खाली पाण्याकडे जातो आणि उरलेला निम्मा वर झाकणाकडे. झाकणाचा आतील भाग काळपट किंवा गंजलेला असेल, तर वर गेलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग तेथेच शोषला जाऊन त्याची उष्णता होते. वीज मात्र पूर्ण खर्च होते. हा प्रकाश पुन्हा खाली वळविणाऱ्या पृष्ठभागास परावर्तक म्हणतात. असा परावर्तक शाळेच्या कार्यशाळेत किंवा गावातील पत्रेकामाच्या दुकानात सहज तयार होऊ शकतो. प्रश्न असतो तो त्याच्या आतील पृष्ठभागासाठी कोणता पदार्थ निवडावा, हा.

चकाकी आणि परावर्तन

जो पदार्थ अधिक चकाकतो तो अधिक प्रकाश परत पाठवितो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. चकचकीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परत पाठवितो, म्हणून त्यात प्रतिबिंब दिसते. पांढरा, मंद पृष्ठभाग तोच प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून त्यात प्रतिबिंब दिसत नाही. परंतु परत येणारा एकूण प्रकाश कमी असतोच असे नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्टेनलेस स्टील. भांड्यासारखे लखलखीत असूनही ते पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६० टक्केच परत करते. चांगला पांढरा रंग मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत करतो. या रंगातील टिटॅनियम डायॉक्साइडचे सूक्ष्म कण प्रकाश शोषून न घेता विखुरतात, हे त्याचे कारण होय.

इतर पदार्थांचा विचार केल्यास, स्वच्छ अॅल्युमिनिअमची परावर्तनक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. स्वयंपाकघरातील अॅल्युमिनिअमचा कागद याच वर्गात मोडतो. त्याच्या चकचकीत व मंद बाजूंच्या एकूण परावर्तनात फारसा फरक नसतो. घरगुती आरशात चांदीचा थर काचेच्या मागे असतो. प्रकाशाला काचेतून दोनदा जावे लागत असल्याने आरशाची क्षमता चांगल्या पांढऱ्या रंगाच्या जवळपासच राहते; शिवाय तो जड, ठिसूळ आणि वाकविता न येणारा आहे. दिव्यांसाठी खास तयार केलेले अॅल्युमिनिअमचे पत्रे ९५ टक्क्यांपर्यंत जातात, परंतु ते महाग असून गावात सहसा मिळत नाहीत.

साधा हिशोब

हा फरक प्रत्यक्षात किती, हे एका सोप्या गणिताने कळते. दिव्याचा एकूण प्रकाश १०० भाग मानल्यास ५० भाग थेट खाली जातात व ५० भाग वर. गंजलेला पत्रा २० टक्के प्रकाश परत करतो असे धरल्यास वरच्या ५० पैकी १० भाग खाली येतात, एकूण ६०. स्टेनलेस स्टील असल्यास ८०. ८५ टक्के क्षमतेचा पांढरा रंग असल्यास सुमारे ९२. महागडा खास पत्रा बसविल्यास सुमारे ९७. म्हणजे गंजलेल्या झाकणाला पांढरा रंग दिल्याने प्रकाश जवळजवळ दीडपट होतो. पांढऱ्या रंगाऐवजी खास पत्रा घेतल्याने मिळणारी वाढ ५ ते ६ टक्क्यांचीच असते. एवढा प्रकाश तर काही महिन्यांच्या धुळीनेही कमी होऊ शकतो.

प्रत्यक्षात काही प्रकाश ट्यूबवरच परत आदळून वाया जातो, त्यामुळे सर्वच आकडे थोडे खाली येतात. हा तोटा कमी करण्यासाठी ट्यूबच्या बरोबर वर परावर्तकाला, टोक खाली येईल अशी, उथळ घडी घालावी; त्यामुळे प्रकाश ट्यूबच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. ही युक्ती चकचकीत पत्र्यात विशेष उपयोगी पडते. पांढरा रंग वापरल्यास झाकणाच्या आतील चारही बाजू रंगवाव्यात, म्हणजे बाजूला विखुरलेला प्रकाशही पुन्हा पाण्याकडे वळतो. पेटी फार खोल असेल, तर प्रकाश सरळ खाली नेणारा चकचकीत अॅल्युमिनिअमचा पत्रा अधिक उपयुक्त ठरतो. शाळेतील दीड फुटापर्यंतच्या पेटीस पांढरा रंग पुरेसा आहे.

दमट हवेतील टिकाऊपणा

मत्स्यपेटीचे झाकण सतत वाफेत राहते. म्हणून पदार्थ निवडताना टिकाऊपणास परावर्तनाइतकेच महत्त्व द्यावे. अॅल्युमिनिअमचा कागद लवकर चुरगळतो व ओलाव्याने सुटून लोंबू लागतो. तो विजेचा वाहक असल्याने ट्यूबच्या टोकांना लागल्यास धोका उत्पन्न होतो. यास्तव तो टाळणेच श्रेयस्कर. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा उघडा ठेवू नये, कारण त्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर जस्त पेटीत उतरते व ते माशांना अपायकारक असते. चुन्याचा हात देऊ नये. त्याचे पोपडे पाण्यात पडून पाण्याचा क्षार वाढतो. पांढरा तैलरंग कालांतराने पिवळसर होतो, म्हणून अस्तराच्या हातावर बाहेरील भिंतींसाठीचा अॅक्रिलिक पांढरा रंग द्यावा. रंग पूर्ण वाळून वास गेल्यानंतरच झाकण पेटीवर ठेवावे. अॅल्युमिनिअमचा पत्रा धुण्याच्या सोड्याने पुसू नये, त्याने धातू झिजतो.

दिवा २३० व्होल्ट विजेवर चालतो आणि खाली पाणी असते, याचा विसर पडू नये. धातूच्या झाकणास अर्थिंग असावे, जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक उपकरण बसवावे आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. वायर भिंतीतील प्लगपेक्षा खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. हे काम जाणकार तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

वर्गातील प्रयोग

कोणता पदार्थ सरस, हे विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येईल. कोरड्या, रिकाम्या पेटीच्या तळाशी प्रकाश मोजण्याची सोय असलेला मोबाइल ठेवून काळा कागद, स्टीलचे ताट, अॅल्युमिनिअमचा पत्रा व पांढरा पुठ्ठा यांची पाळीपाळीने नोंद घ्यावी. प्रत्येक वेळी दिवा, त्याची उंची व मोबाइलची जागा तीच असावी. दर वेळी दिवा बंद करून व प्लग काढूनच पदार्थ बदलावा, आणि तो ट्यूबच्या टोकांपासून दूर राहील हे शिक्षकांनी स्वतः पाहावे. चकाकणारे ताट पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मागे पडल्याचे पाहून मुले जो धडा शिकतील, तो सहजी विसरणार नाहीत.

नवीन एलईडी दिव्यांचा प्रकाश मुख्यतः एकाच दिशेने जात असल्याने त्यांना परावर्तकाची गरज कमी भासते. जुनी ट्यूब निकामी झाल्यावर असा दिवा घेणे योग्य होय. निकामी ट्यूबमध्ये पारा असल्याने ती फोडू नये. नवा दिवा आल्यावरही झाकण आतून पांढरे ठेवणे फायद्याचेच ठरते. वाढलेला प्रकाश दिवसाला ८ तासांच्या आसपास पुरे. त्याहून अधिक दिल्यास वनस्पतींऐवजी शेवाळ माजते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने परावर्तक व दिवा पुसला, तर रंगाच्या लहानशा डब्यातून झालेली ही सुधारणा दीर्घकाळ टिकून राहील.