शुद्ध म्हणजे काय?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत झरी हे गाव लागते. नाव ऐकताच झऱ्याची आठवण व्हावी. पण आता गावोगाव पाण्याची भिस्त आहे ती बोअरवर. तेथील एका वयस्क शेतकऱ्याने बोअरचे पाणी पेल्यात धरून मला विचारले, “सर, बघा कसं काचंवानी हाय. यापरीस शुद्ध आणखी काय असतंय?” प्रश्न साधा; उत्तर मात्र तितके साधे नाही.

श्रोतेहो, ‘शुद्ध’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. बाजारात शुद्ध दूध म्हणजे ज्यात पाणी घातलेले नाही ते. व्यवहारात हे बरोबरच आहे. पण रसायनशास्त्राच्या लेखी गोठ्यातले धारोष्ण दूधही शुद्ध नव्हे! त्यात पाणी, स्निग्धांश, साखर, प्रथिने, क्षार असे अनेक पदार्थ नांदतात. म्हणून ते मिश्रण. शास्त्र ज्याला शुद्ध म्हणते त्यात पदार्थ एकच असावा लागतो. मग तो सोन्यासारखे मूलद्रव्य असो की साखरेसारखे संयुग.

मिश्रण ओळखावे कसे? एक तर त्यात घटकांचे प्रमाण ठरलेले नसते. गाईचे दूध पातळ, म्हशीचे दाट, दोन्ही दूधच. पाण्याचे तसे नाही. ते परभणीचे असो वा पॅरिसचे, त्यात वजनाने १ भाग हायड्रोजन आणि ८ भाग ऑक्सिजन असतोच. दुसरे असे की, मिश्रणातले घटक आपापले गुण सोडीत नाहीत, म्हणून ते साध्या युक्तीने वेगळे होतात. खळ्यावर आपण ज्वारी उफणतो तेव्हा दाणा पायाशी पडतो आणि भुसा वाऱ्यावर जातो. ताक घुसळले की लोणी वर येते. पण पाण्यातला हायड्रोजन उफणून किंवा घुसळून निघत नाही. वीज सोडून पाण्याचे पाणीपणच मोडावे लागते.

आता त्या पेल्याकडे वळू. गढूळ पाण्यातला गाळ डोळ्यांना दिसतो. तुरटी फिरवली की तो तळाशी बसतो. विरघळलेले मीठ मात्र दिसत नाही, फडक्यात अडकत नाही आणि तुरटीलाही दाद देत नाही. अशा एकजीव मिश्रणाला द्रावण म्हणतात. बोअरचे पाणी हे असेच द्रावण. पावसाचे पाणी माती आणि बेसॉल्ट खडकातून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेऊन येते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला पांढरे पूट चढते, ही त्याचीच साक्ष. स्वच्छ ताटलीत चमचाभर पाणी उन्हात वाळवून पाहा. शुद्ध पाणी मागे काही ठेवीत नाही. हे डाग ठेवून जाते.

मग ते पिऊ नये काय? तसे नव्हे. थोडे क्षार असलेले पाणी पिण्यास चांगलेच. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. प्रश्न आहे तो कोणता पदार्थ किती, याचा. फ्लोराइडचेच घ्या. त्याला ना रंग, ना वास. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे ताठरतात. यवतमाळ, चंद्रपूर आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनी हे भोगले आहे.

पुष्कळांना वाटते, पाणी उकळले की झाले. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण वाफ होऊन जाते ती पाण्याची. फ्लोराइड भांड्यातच राहते, उलट थोडे दाट होते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने त्यावर ‘नालगोंडा’ पद्धत बसवली. तीत चुना आणि तुरटीच वापरतात. पण किती, हे पाणी तपासून ठरवावे लागते. नुसती तुरटी फिरवून ते साधत नाही.

त्या शेतकऱ्याला मी म्हटले, “काका, पाणी नितळ आहे, यात शंका नाही. पण शुद्ध नाही. आणि पिण्याजोगे आहे की नाही, ते डोळ्यांना विचारू नका. बाटलीभर नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पाठवा.” नितळ, शुद्ध आणि निर्धोक हे तीन शब्द वेगवेगळे आहेत. एवढे ज्याला उमगले, त्याला रसायनशास्त्राचा पहिला धडा पेलाभर पाण्यातच मिळाला म्हणायचा.