सॉफ्टवेअरवाल्यांनी कोणती भूमिती शिकावी?

आपल्या वस्त्यांतून शिकून सॉफ्टवेअरमध्ये गेलेली मुले-मुली नोकरीच्या दोन-तीन वर्षांनंतर विचारतात, गणित पक्के करायचे आहे, पण प्रगत भूमितीची कोणती शाखा धरू? प्रश्न गंभीर आहे. घरचे हप्ते चालू असतात, अभ्यासाला फक्त रविवार मिळतो. नको त्या शाखेत गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

माझ्या मते बहुतेकांनी आधी संगणकीय भूमिती, म्हणजे कॉम्प्युटेशनल जॉमेट्री घ्यावी. सर्वेक्षण करताना आम्हा कार्यकर्त्यांना नेहमी पडणारा प्रश्न पाहा : हे घर कोणत्या प्रभागात येते? संगणक त्या ठिकाणापासून एका दिशेला सरळ रेषा सोडतो आणि ती प्रभागाची हद्द किती वेळा ओलांडते ते मोजतो. विषम संख्या आली तर घर आत, सम आली तर बाहेर. ऐकायला सोपे आहे. पण रेषा नेमकी हद्दीच्या कोपऱ्यातून गेली तर? तो कोपरा एकदा मोजायचा की दोनदा? शिवाय संगणक दशांश अपूर्णांक बहुधा अंदाजे साठवतो, त्यामुळे हद्दीला चिकटलेले घर चुकून शेजारच्या प्रभागात जाऊ शकते. अशा अडचणी हाताळणे हाच या शाखेचा गाभा. नकाशे, डिलिव्हरी अॅप, यंत्रांचे आराखडे, सगळीकडे ती लागते.

गेम किंवा थ्रीडीचे काम असेल तर प्रक्षेपीय भूमिती आणि क्वाटर्नियन घ्या. हॅमिल्टनने 1843 मध्ये शोधलेले हे चार घटकांचे अंक आज वस्तू फिरवायला वापरतात. तीन कोनांनी फिरवताना कधी दोन अक्ष एका रेषेत येतात आणि एक दिशा हातची जाते. क्वाटर्नियनमध्ये ती अडचण येत नाही.

बैजिक भूमिती सुंदर आहे, पण ती सांकेतिकीकरणात संशोधन करणाऱ्यांसाठी. 1985 मध्ये कोब्लिट्झ आणि मिलर यांनी स्वतंत्रपणे सुचवलेल्या एलिप्टिक कर्व्हमुळे 256 बिटांची किल्ली आरएसएच्या 3072 बिटांच्या किल्लीइतकी सुरक्षा देते. नोकरीत मात्र तयार लायब्ररीच वापरावी. अवकल भूमितीचेही तसेच. मशीन लर्निंगच्या रोजच्या कामात ती क्वचितच लागते. जाहिराती काहीही म्हणोत!

लिनियर अल्जेब्रा कच्चे असेल तर आधी तेच. महागडा क्लास लावण्यापूर्वी एनपीटीईएलवरची मोफत व्याख्याने पाहा, आणि वरचा प्रभागाचा प्रोग्राम कोपऱ्यांसह स्वतः लिहून बघा.