ब्राझीलची गिटार, गोदाकाठचे कान

‘समाधी’ हा चित्रपट १९५० साली आला आणि त्यातलं ‘गोरे गोरे’ गल्लोगल्ली वाजू लागलं. आवाज लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे आणि संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे गोदाकाठच्या पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचं. गाण्याची चाल ‘चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको’ या अमेरिकी गाण्यावर बेतलेली होती. १९४५च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटात ते गाणं कार्मेन मिरांडाने गायलं होतं. आणि ही कार्मेन मिरांडा अमेरिकेला गेली होती ती ब्राझीलच्या गिटारवाल्यांचा आख्खा ताफा सोबत घेऊन.

छत्रपती संभाजीनगरहून पुणतांबं तसं जवळच. रिओ दि जानेरो मात्र अर्ध्या जगापलीकडे. या दोन टोकांना जोडणारी माणसं होती फिरते वादक. बोटीच्या डेकवर सराव करणारे, हॉटेलांच्या नाचघरांत रात्र काढणारे, परक्या गावातल्या वादकाबरोबर मैफल जमवणारे. ब्राझीलची गिटार आणि अमेरिकेचा जॅझ यांची गोष्ट ही मुळात दौऱ्यांचीच गोष्ट आहे. संगीत नाटक मंडळ्यांनी गावोगाव बिऱ्हाडं हलवली त्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको: ताफा फिरला की ऐकणाऱ्याचा कान बदलतो, तसा वाजवणाऱ्याचा हातही बदलतो.

रिओतली संध्याकाळची बैठक

ब्राझीलच्या पारंपरिक गिटारसंगीताचा गाभा म्हणजे शोरो. १८७०च्या सुमारास रिओमध्ये तो आकाराला आला. युरोपातून आलेले पोल्का आणि वॉल्ट्झ हे नाच, त्यांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या लयीचा रंग, अशी त्याची घडण. ब्राझीलमध्ये चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसं गुलामीत आणली गेली आणि तिथली गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये. अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. त्या वेदनेतून आलेली लय पोल्काच्या सरळ चालीला वळसे देऊ लागली.

शोरो वाजवणारे बरेच जण टपाल, जकात अशा खात्यांतले साधे नोकरदार होते. कचेरी सुटली की कुणाच्या तरी घरी टेबलाभोवती गोल बसायचं आणि वाजवायचं. बासरीवादक जोआकिम कालादो आणि पियानोवादक शिकिन्या गोंझागा ही त्या काळातली मोठी नावं.

या बैठकीत प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. धून बासरीकडे. कावाकिन्यो नावाची चार तारांची चिमुकली गिटार ठेका कापत जाते. पांडेरो ही चकत्या लावलेली, आपल्या खंजिरीच्या जातकुळीची. आणि सर्वांत खाली सात तारांची गिटार. सहा तारांच्या नेहमीच्या गिटारला खर्जाची एक जादा तार जोडलेली. तिचा वादक नुसती साथ करत नाही, अंगठ्याने खालून दुसरी धून विणतो. वरची बासरी श्वास घ्यायला थांबली की त्या फटीत हा खर्ज चढत-उतरत येतो आणि पुढच्या समेवर तिला सोडून देतो. कार्यक्रमात सगळ्यांचे डोळे बासरीवर असतात. जाणकार पाहतो तो सात तारांवरचा अंगठा.

आठ जणांची बोट

१९१९ मध्ये रिओच्या ‘सिने पालाइस’ या चित्रपटगृहात वाजवण्यासाठी आठ वादकांचा एक संच जमला: ‘ओइतो बातुतास’. बासरीवर पिशिंगिन्या, गिटारवर दोंगा. हा ताफा १९२२ साली पॅरिसला निघाला, तेव्हा खुद्द ब्राझीलमधल्या काही वृत्तपत्रांनी नाकं मुरडली. कृष्णवर्णीय वादक देशाचे प्रतिनिधी म्हणून जाणार, हे त्यांना सहन होईना. ताफा गेला, सहाएक महिने पॅरिसमध्ये वाजवत राहिला आणि तिथे त्याची गाठ अमेरिकेहून आलेल्या जॅझशी पडली. परतल्यावर त्यांच्या संचात सॅक्सोफोन शिरला, फॉक्सट्रॉट शिरला.

त्याची किंमतही मोजावी लागली. पिशिंगिन्याची ‘कारिन्योझो’ ही धून १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा एका समीक्षकाने तिच्यावर अमेरिकी छापाचा ठपका ठेवला. पुढे तिला शब्द मिळाले, १९३७ मध्ये ओर्लांदो सिल्वा या गायकाने ती गायली आणि आज ती ब्राझीलच्या सर्वांत लाडक्या गाण्यांत गणली जाते. जिला परकी म्हणून हिणवलं, तीच धून आता तिथल्या घराघरात आपली म्हणून गायली जाते.

कार्मेन मिरांडाला १९३९ मध्ये न्यूयॉर्कचं बोलावणं आलं तेव्हा तिने हट्ट धरला, ‘बांडो दा लुआ’ हा आपला वाद्यवृंद सोबत येणारच. तिचा हट्ट रास्त होता. सांबा या ब्राझिली नृत्यसंगीताचा ठेका कागदावर उतरवता येतो, पण तो अंगात मुरलेला हात कागदावरून मिळत नाही. हॉलिवूडने मात्र ब्राझील, क्युबा, पोर्टो रिको असा सगळा मुलूख एकाच रंगीत पेटाऱ्यात भरला, आणि तो पेटारा चित्रपटांमधून, तबकड्यांमधून मुंबईला आला.

गोव्याचा कान, मुंबईची रात्र

मुंबईत तो पेटारा उघडायला माणसं तयार होती. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोव्याची एक पिढी तयार झाली. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गोवा आणि ब्राझील ही एकेकाळी एकाच पोर्तुगीज साम्राज्याची दोन टोकं. त्यामुळे दूरच्या बंदरातलं संगीत कागदावरून वाचून वाजवणं या पोरांना नवलाचं नव्हतं.

हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतला एक. मुंबईने त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून डोक्यावर घेतलं. त्याचा ट्रम्पेट ऐकून लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट ही जोडी जमली आणि १९५१ मध्ये मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ आला. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकमेकांना हाका मारतात. ‘दीवाना परवाना’मध्ये तर चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरच दिसतात, झालरीच्या बाह्यांचे क्युबन धाटणीचे शर्ट घालून. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेल्या चितळकरांनी हा ठेका उसना घेतला, पण त्यावर चढवलेली चाल आपल्या मातीत रुजेल अशी केली. म्हणून तर ती सत्तर वर्षांनंतरही वरातीत वाजते.

अंगठा आणि बोटं

तिकडे ब्राझीलमध्ये गिटारने आणखी एक वळण घेतलं. १९५८ मध्ये जोआंव जिल्बेर्तोने ‘शेगा दे साउदादे’ ध्वनिमुद्रित केलं आणि बोसा नोव्हा ही शैली जन्माला आली. गाणं अंतोनियो कार्लोस जोबिमचं. जिल्बेर्तोने सांबाचा सगळा ढोलताफा एका गिटारवर आणला. अंगठा मोठ्या ढोलाचं काम करतो, संथ आणि सरळ. बाकीची बोटं तारा एकत्र खेचून सुरावटीचे तुकडे टाकतात, पण अंगठ्याच्या ठोक्यावर नाही, त्याच्या अलीकडे-पलीकडे.

तबला शिकलेल्या कुणालाही हे घरबसल्या करून पाहता येईल. सोळा मात्रा मोजा. पायाने १, ५, ९ आणि १३ वर ठोका द्या. हा झाला अंगठा. आता हाताने १, ४, ७, ११ आणि १४ वर टाळी वाजवा. हा बोसा नोव्हातला नेहमीचा नमुना. सोळाचे तीन, तीन, चार, तीन, तीन असे भाग पडतात. हात आणि पाय एकत्र येतात ते फक्त पहिल्या मात्रेवर. बाकी वेळ ते एकमेकांना हुलकावणी देत राहतात. लय मध्य ठेवा, आवाज हलका ठेवा, आणि त्यावर कुणाला तरी गुणगुणायला सांगा.

हे संगीत जॅझमध्ये मिसळलं तेही दौऱ्यामुळेच. अमेरिकी सरकारने १९६१ मध्ये गिटारवादक चार्ली बर्डच्या त्रिकुटाला लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं. परत येताना तो बोसा नोव्हा घेऊन आला. फेब्रुवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये त्याने सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर ‘जॅझ सांबा’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि तो अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पाठोपाठ ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या अल्बमने १९६५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पटकावलं.

त्याच सरकारी योजनेतून डेव्ह ब्रुबेकचा चमू १९५८ मध्ये भारतात आला होता. मुंबईत ब्रुबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसला, वाजवला. पाहुणे ऐकवायला आले आणि ऐकून गेले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, सॉनी रोलिन्ससारखा दिग्गज पहिल्याच वर्षी आला, तेव्हा ही ये-जा रीतसर झाली.

देवगिरीची ताललेणी

या सगळ्यात संभाजीनगरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट शहराच्या वेशीवरच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. मूळ काश्मीरचं घराणं, काम राज्याच्या हिशेबाचं. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांच्या या ग्रंथात स्वर, राग, प्रबंध, नृत्य तर आहेतच, पण वाद्याध्यायात पडदे असलेली किन्नरी वीणा आहे आणि तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. त्यांतले कित्येक ताल विषम लांबीच्या तुकड्यांचे.

ती यादी एका फ्रेंच संगीतकोशातून पॅरिसच्या ओलिव्हिए मेसियां या तरुण संगीतकाराच्या हाती पडली आणि तो तिच्यावर लुब्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना त्याने चार वाद्यांसाठीची जी रचना पूर्ण केली, कैद्यांपुढे १५ जानेवारी १९४१ रोजी जी पहिल्यांदा वाजली, तिच्यात देवगिरीच्या यादीतले ताल आहेत. दौलताबादच्या पायथ्याशी जुळवलेले मात्रांचे हिशेब सातशे वर्षांनी युरोपातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत वाजले! तीन-तीन-चारच्या विषम तुकड्यांत रमणारं ब्राझीलचं संगीत या मुलखाच्या कानाला जड जाण्याचं काही कारण नाही.

त्याला पुरावाही आहे. ब्राझीलचा एग्बेर्तो जिस्मोंती आठ तारांची गिटार वाजवतो. १९७८च्या ‘सोल दो मेइयो दिया’ या त्याच्या अल्बममध्ये साथीला तबला आहे. वाजवणारा कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकी, पण तबल्यातला शिष्य अल्लारखाँ यांचा. वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेला. ‘ओरेगॉन’ या त्याच्या जॅझ वाद्यवृंदात ती जागा मग मुंबईच्या त्रिलोक गुर्टूंनी घेतली. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव. पुढे त्यांनी आईचा आवाज आपल्या जॅझच्या अल्बममध्ये आणला.

शहरासाठी

संभाजीनगरात मोठ्या मैफलींची सवय आहे. सोनेरी महालासमोर वेरूळ-अजिंठा महोत्सव रंगतो. एमजीएमच्या महागामी गुरुकुलात शार्ङ्गदेवाच्याच नावाने समारोह होतो. ब्राझीलचं गिटारसंगीत घेऊन फिरणाऱ्या ताफ्याला इथे बोलवायचं तर फार मोठा खटाटोप लागत नाही. नायलॉनच्या तारांचा आवाज मृदू असतो, त्यामुळे शे-दोनशे श्रोत्यांचं शांत सभागृह भल्यामोठ्या मैदानापेक्षा बरं. ध्वनिक्षेपक बेताचा हवा, नाहीतर सातव्या तारेचा खर्ज नुसता घुमतो. उत्तरार्धात शहरातला एखादा तबलजी किंवा संबळवादक त्यांच्याबरोबर बसवावा. पाहुण्यांना त्यातून काहीतरी घेऊन जाता येईल, आणि आपल्या पोरांना पाहुण्यांचा हात जवळून पाहता येईल.

तोवर ऐकायला सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवावा. आधी पिशिंगिन्याची ‘कारिन्योझो’, कारण ती पहिल्या ऐकण्यातच आवडते. मग हेइतोर व्हिला-लोबोसचा १९२०चा ‘शोरोस क्रमांक १’, एकट्या गिटारवर. त्यात रिओची आख्खी बैठक एका माणसाच्या दोन हातांत सापडते. त्यानंतर ‘जॅझ सांबा’, मग जिस्मोंतीचा तबल्याच्या साथीचा अल्बम. आणि शेवटी ‘अलबेला’ची गाणी पुन्हा लावावीत, या वेळी शब्दांकडे लक्ष न देता फक्त मागच्या बोंगोकडे कान देऊन.