पाडवा, ईद आणि दूधनाक्याचा बाजार

रमजानमध्ये कल्याणच्या दूधनाक्यावर दुपारी चार वाजता जाऊन पाहा. एवढी शांतता तिथे रात्री दोन वाजताही नसते. हातगाड्या लागलेल्या असतात, पण त्यांच्यावरचे फडके निघालेले नसते. दुकानदार गल्ल्यावर मान टेकून डुलक्या घेत असतो. मग असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज होते आणि पाच-दहा मिनिटांत सगळी गल्ली जागी होते. कढया चढतात, कलिंगडे चिरली जातात, खजुराचे खोके फुटतात. भजी तळणारा स्वतः रोजेदार असतो. त्याला चव घेऊन पाहता येत नाही, मीठ अंदाजानेच पडते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते कमी-जास्त होते आणि गिऱ्हाईकही काही बोलत नाही. चौथ्या दिवसापासून मात्र बोलते.

हे सगळे पावणेदोन तासांसाठी. सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. तोपर्यंत माल संपला तर धंदा, उरला तर घरच्यांची इफ्तारी. त्यानंतर तरावीहची नमाज आटोपून लोक पुन्हा बाहेर पडतात, तो दुसरा बाजार. त्यात कपडे, चपला, बांगड्या, अत्तर, शेवया आणि पहाटेच्या सहेरीसाठी दुधात कुस्करून खायची सुतरफेणी आणि खाजला.

माझे बालपण याच गल्ल्यांत गेले. त्यामुळे या बाजाराबद्दल लिहिताना थोडा पक्षपात होणार, तो वाचकांनी गृहीत धरावा.

यंदाच्या बाजाराची गंमत अशी की तो एकटा नाही. १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि त्याच्या पाठोपाठ चंद्र दिसेल तशी ईद. मागच्या वर्षी तर ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद, म्हणजे डोंबिवलीच्या फडके रोडवर सकाळी लेझीम आणि संध्याकाळी आमच्या गच्चीवर चंद्राची शोधाशोध. त्याआधी २०२४ मध्ये ९ एप्रिलला पाडवा, ११ ला ईद. हा योगायोग वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. पाडवा म्हणजे अमावास्येनंतरची प्रतिपदा आणि ईद म्हणजे अमावास्येनंतर दिसलेली पहिली कोर. चंद्र एकच. फरक इतकाच की आमचे हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि तसेच सरकत राहते. पंचांगातले वर्षही तेवढेच मागे येते, पण दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ते पुन्हा जागेवर आणले जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. मधल्या काळात दोन्ही कालगणना बरोबरीने चालल्या.

आता त्यांची फारकत होणार. पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलला आणि ईद मात्र मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. हे दोन सण पुन्हा असे खांद्याला खांदा लावून यायला तीसेक वर्षे जावी लागतील. याआधीची जोडी १९९२ आणि १९९३ ची. १९९३ मध्ये २४ मार्चला पाडवा होता आणि लगेच ईद. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते, रमजान चालू होता. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमच्या गल्लीत त्या ईदला कपड्यांची दुकाने रात्री आठलाच बंद होत होती आणि अब्बांनी मला नवे कपडे न आणता थोरल्या बहिणीचा फ्रॉक उसवून दिला होता, एवढेच आठवते. फ्रॉक पिवळा होता. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईतून किती कुटुंबे मुंब्र्याला, कौशाला येऊन राहिली, हे ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. आज मुंब्रा स्थानकाबाहेर रमजानच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. तो बाजार त्या पिढीने उभा केला.

तर या वर्षी दोन सणांचा एकच बाजार आहे. तो कसा चालतो ते पाहायचे असेल तर दुधापासून सुरुवात करावी. दूधनाका हे नाव उगीच पडलेले नाही. खाडीच्या बाजूचे तबेले आणि इथला दुधाचा सौदा ही कल्याणची जुनी ओळख. पाडव्याला श्रीखंड लागते, त्याला चक्का लागतो आणि किलोभर चक्क्याला जवळपास तीन लिटर म्हशीचे दूध जाते. त्याच आठवड्यात ईदचा शीरखुर्मा. आमच्या घरी ईदच्या सकाळी आठ लिटर दूध आटते आणि आमचे घर काही मोठे नाही. म्हणजे टिळक चौकातली वहिनी आणि घास बाजारातली चाची एकाच म्हशीकडे डोळे लावून बसलेल्या. दर वाढतो तेव्हा दोघीही एकाच भय्याला बोल लावतात.

फुलांचेही तसेच. कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे झेंडूचे ढीग उतरतात. पाडव्याच्या आदल्या दिवशी हातगाडीवर सकाळी झेंडू, कडुनिंबाचे डहाळे आणि साखरेच्या गाठी असतात. दुपारी गाडी धुऊन त्याच गाडीवर कलिंगड आणि पपई. मागच्या वर्षी शिवाजी चौकाजवळ एका गाडीवर एका बाजूला गाठींच्या माळा आणि दुसऱ्या बाजूला खजुराचे खोके पाहिले. दोन्हीच्या मध्ये पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा डबा. विचारले, तर तो म्हणाला, ‘दोन्ही गोडच आहे, मॅडम. माश्या तेवढ्या सांभाळायच्या.’

ठाण्यात हा मेळ जांभळी नाक्यावर दिसतो. तिथली घाऊक बाजारपेठ, कौपिनेश्वर मंदिर, तलावपाळीवरचे चर्च, टेंभी नाक्याजवळचे १८७९ मधले ज्यूंचे प्रार्थनास्थळ आणि बाजारातली मशीद, सगळे पायी फिरता येईल इतक्या अंतरात. पाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिथून ठाणे, गिरगाव अशी पसरली. यात्रेचा बाजारावर होणारा परिणाम फारसा कोणी लिहीत नाही. नऊवारी, फेटे, नथी, ढोलाच्या दोऱ्या, रांगोळीचे रंग यांचा एक वेगळा हंगाम या यात्रांनी तयार केला. फेट्याचे कापड विकणारे आणि टोप्या विकणारे अनेकदा एकच असतात. राबोडीतल्या माझ्या मावसभावाच्या दुकानात या महिन्यात दोन्ही एकाच फळीवर आहेत.

पण मला आज सांगायचे आहे ते एका टेबलाबद्दल.

दूधनाक्यापासून थोडे आत, एका जुन्या दुमजली इमारतीच्या ओट्यावर आमच्या खालांचे टेबल लागते. गेली चौदा वर्षे. त्या सख्ख्या मावशी नाहीत, पण गल्लीला खाला. टेबलावर मिळते सांदण. डोंबिवलीकर वाचक म्हणतील, सांदण आम्हालाही ठाऊक आहे, फणसाचे. बरोबर. कोकणी मुसलमानांचे सांदण त्याचेच भावंड, पण पांढरे. तांदूळ भिजवून, वाटून, नारळाच्या दुधात रात्रभर आंबवायचे, साखर घालायची आणि वाट्यांत उकडायचे. वरून साय. हाताला स्पंजासारखे लागले पाहिजे. नाही लागले तर खाला ते विकत नाहीत, गल्लीतल्या पोरांना वाटतात. पोरे त्यामुळे आंबवण बिघडण्याची दुआ करतात, असा खालांचा संशय आहे.

ओटा ज्या दुकानाचा आहे ते इलेक्ट्रिकच्या सामानाचे. मालक गुजराती, तिसरी पिढी कल्याणात. ते सहाला शटर निम्मे ओढतात, टेबल स्वतः बाहेर काढून देतात आणि दुकानातून एक बल्ब लांबवून टांगतात. भाडे घेत नाहीत. विजेचे पैसे खाला ईदच्या दिवशी पाकिटात घालून देतात आणि ते पाकीट, मालकांच्या बायकोच्या हातून, शंभराची नोट वाढवून ईदी म्हणून परत येते. हे दरवर्षी होते आणि दरवर्षी दोघेही रागावतात.

ओट्याचे महत्त्व समजण्यासाठी फेरीवाल्यांचा कायदा थोडा माहीत हवा. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती अशी रचना आणली. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे असे त्यात आहे. (जकातही अडीच टक्केच. सरकारने हिशेब कुठून घेतला कोण जाणे.) सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटर अंतरात फेरीवाले नकोत असे बजावले. पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे पटते. मलाही पटते. कल्याण स्थानकाबाहेर संध्याकाळी चालून पाहिलेल्या कोणालाही पटेल.

अडचण अशी की रमजानचा बाजार हा जन्मतःच मशिदीपासून १०० मीटरच्या आतला. मगरिबची अजान झाली की लोक खजूर तोंडात टाकून नमाजला उभे राहतात, मग गाडी आणखी कुठे लागणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधल्या निकालात प्रार्थनास्थळाबाहेर फुले, नारळ, उदबत्त्या, मेणबत्त्या अशा वाहायच्या वस्तूंना सूट होती. खजूर वाहायचा नसतो, खायचा असतो. एवढ्या फरकावर तो सुटीतून बाहेर. हा हंगाम तीस दिवसांचा, त्याची कायमची नोंद होत नाही. त्यामुळे पथकाची गाडी येते त्या दिवशी हातगाड्या गल्लीत पळतात. वजनकाटा गेला तर तो सोडवण्यात दोन दिवस जातात आणि तीस दिवसांतले दोन दिवस म्हणजे काय, हे ज्याचे गेले त्यालाच कळते. खाला मात्र निवांत असतात. ओटा खासगी. त्यावर कोणाचा अंमल नाही.

यंदा त्या ओट्यावर नोटीस चिकटली आहे. इमारत धोकादायक ठरली, पुनर्विकासाला गेली. पावसाळ्याआधी रिकामी करायची. इमारतीकडे पाहिले तर नोटीस चुकीची म्हणता येणार नाही. मागच्या जुलैमध्ये जिन्याचा एक तुकडा पडला, नशिबाने खाली कोणी नव्हते. नव्या इमारतीत दुकानांचे गाळे असतील, काचेचे दरवाजे असतील. ओटा नसेल. नव्या इमारतींना ओटे नसतातच, गाड्या उभ्या करायची जागा असते. जुन्या कल्याणात पारनाक्यापासून बाजारपेठेपर्यंत वाडे आणि चाळी एकेक करून जात आहेत आणि प्रत्येकीबरोबर असा एखादा फुकटचा कोपरा जातो. त्या कोपऱ्यात कोणी चपला शिवत असते, कोणी मेंदी काढत असते, कोणी पाडव्याच्या गाठी विकत असते. त्याची नोंद कुठल्याच नकाशात नसते.

‘ऑनलाइन जा ना खाला,’ असे त्यांना सांगणाऱ्यांत मीही होते. त्यांची भाची अभियांत्रिकीला आहे. तिने हे काम हातात घेतले. अन्न सुरक्षा विभागाकडे वर्षाला शंभर रुपये भरून छोट्या व्यावसायिकाची नोंदणी केली, डब्यावर चिकटवायला लेबल छापले, व्हॉट्सअॅपवर गट केला. गटात आज सव्वाशे लोक आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक डोंबिवली-ठाकुर्लीच्या नोकरदार बायका. रोजा नाही, रमजानशी संबंध नाही, सांदणाशी आहे. भाची रोज सहाच्या लोकलआधी कल्याण स्थानकाच्या पुलावर डबे हातोहात देते. पुलावर उभे राहून विकणे नाही, फक्त देणे, त्यामुळे कोणी हटकत नाही. पाडव्यासाठी चाळीस डब्यांची आगाऊ मागणी आहे. एकीने विचारले, श्रीखंडाबरोबर चालेल का? खालांनी ठामपणे सांगितले, ‘नाही चालणार, दोन्ही गोड. बरोबर मटकीची उसळ करा.’

पैसे टेबलापेक्षा गटातून जास्त येतात, हे खाला मान्य करतात. तरी त्या रोज पाचला ओट्यावर येऊन बसतात. कारण विचारले तर म्हणाल्या, ‘गटातला माणूस पैसे देतो. ओट्यावरचा माणूस थांबतो.’ टेबलाशी थांबणाऱ्यांत एक म्हातारे गृहस्थ आहेत, पत्नी वारल्यापासून एकटे. त्यांचा रोजा रोज त्या टेबलाशीच सुटतो. एक रिक्षावाला आहे, आंबिवलीचा, मराठा, तो मीटर बंद करून सांदण खातो आणि उधारीची वही खालांपेक्षा जास्त नीट ठेवतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर गुडघे दुखत असताना दोन तास लाकडी खुर्चीवर बसणे खालांना झेपत नाही, हेही खरे. भाचीचे म्हणणे, टेबल बंद करा. माझे मत अजून ठरत नाही. गल्लीतल्या लोकांना टेबल हवे आहे, पण ते उचलून आत-बाहेर करायला चौदा वर्षांत एकच माणूस रोज आला.

परवा मी गेले तेव्हा तो माणूस, म्हणजे इलेक्ट्रिकवाले शेठ, खालांशी टेबलाचाच विषय बोलत होते. दुकान तात्पुरते उल्हासनगरला हलणार. तिथल्या गोदामात जागा आहे, टेबल ठेवतो, इमारत झाली की आणतो, असे त्यांचे म्हणणे. इमारत व्हायला किती वर्षे, ते ना त्यांना ठाऊक ना बिल्डरला. खाला म्हणाल्या, टेबलाचा एक पाय हलतो, तो आधी नीट करून घ्या. अजान झाली. शेठनी बल्बचे बटण दाबले, खजुराची ताटली पुढे केली आणि सुतार कोणाला सांगायचा यावर दोघांचे पुन्हा वाजले.