आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी उभारलेली व १९१५ साली पॅलेस थिएटर या नावाने खुली झालेली ही वास्तू जळताना पाहून कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आले. पुनर्बांधणीसाठी शासनाने कोट्यवधी रुपये जाहीर केले, हे योग्यच झाले. परंतु जळालेले उभारण्यास जी तिजोरी इतक्या तत्परतेने उघडते, तीच जळू न देण्याच्या कामी इतकी सावध का होते, हा प्रश्न त्या राखेतून उठल्यावाचून राहत नाही.

बरोबर पाच वर्षांपूर्वी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी गावची नाव उलटली. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती. स्त्रिया व मुलेही बुडाली. एके ठिकाणी अग्नी, दुसरीकडे पाणी. पण दोहोंतील धडा एकच. संकटाच्या पहिल्या घटकेस जवळ जे साधन असेल तेच खरे. मागाहून येणारी कुमक कितीही मोठी असो, ती त्या घटकेच्या उपयोगी पडत नाही.

कोल्हापुरास तर हे अनुभवाने ठाऊक आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांवर चढले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ, आणि वाट पाण्याखाली! 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण कोणी थट्टेने रचली असेल. येथे ती नकाशावर काढून दाखविता येते. सैन्य व नौदल आले, त्यांनी मोठे काम केले. परंतु ते येईतो महापालिकेचे जवान, व्हाइट आर्मीसारखे स्वयंसेवक आणि गावोगावचे पट्टीचे पोहणारे यांनीच छातीचा कोट केला.

मग या पहिल्या फळीस पैसा कोठून मिळावा? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा नगरपालिकांच्या कामांच्या यादीतील विषय ठरविला. काम खाली आले. उत्पन्न मात्र वर गेले. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतांशी उठला, आणि २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर महापालिकांस राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसणे प्राप्त झाले. २०२३ साली केंद्राने अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना काढली, तीत सामान्यतः राज्यांचा चतुर्थांश वाटा ठेवला. हे स्तुत्य होय. परंतु एकदाच मिळणाऱ्या रकमेतून बंब घेता येतो. तो रात्री दोन वाजता बाहेर काढणाऱ्या जवानाचा दरमहाचा पगार त्यातून भागत नाही.

निश्चित तरतूद असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली राज्याच्या खर्चाने ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत चढताना कोणास पैसे विचारले जात नाहीत. मग रंकाळ्यावर वा पंचगंगेच्या घाटावर बुडत्यास काढणाऱ्याचा दोर, जाकीट व विमा हा वर्गणीचा विषय का असावा? स्वयंसेवकांची निष्ठा हे शहराचे भूषण होय. परंतु ती अंदाजपत्रकातील भोक बुजविण्याचे बूच नव्हे.

आमच्या मते तीन गोष्टी अवश्य व्हाव्यात. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने बांधकामांवर मिळणारे अग्निशमन शुल्क, आणि घरपट्टीबरोबर त्या नावाने काही घेतले जात असल्यास तेही, स्वतंत्र खात्यात ठेवून त्याचा हिशेब दरसाल प्रसिद्ध करावा. दुसरे, आग हद्दीची शीव पाहून लागत नाही. तेव्हा शहरालगतच्या गावांनी व जिल्हा परिषदेने बंबाच्या खर्चाचा ठरीव वाटा उचलावा. तिसरे, जीवरक्षकांचे वेतन व विमा पावसाळ्यापूर्वीच मंजूर व्हावा.

यावर कोणी म्हणेल, लोक आधीच करांनी गांजले आहेत. पण टोलविरुद्ध वर्षानुवर्षे झुंजून तो रद्द करविणारे कोल्हापूरकर पैशास नव्हे, बेहिशेबी पैशास नाही म्हणतात. हिशेब उघडा ठेवा, ते आपला वाटा देतील. संकट ओसरल्यावर सत्काराच्या शाली पांघरणे सोपे आहे. ज्याच्या खांद्यावर आपण शाल घालतो, त्याच्या हाती आधी दोर द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.